तिसऱ्याची चाल

‘तिसरी गोष्ट सरळ पुढे ढकला. हिरोची कंबर धरली आहे.’

आमच्या सिनेमाखाली कुणीतरी हे लिहिलं होतं आणि त्याला भरभरून अंगठे मिळाले होते. तिसरी गोष्ट माझी. म्हणजे कथा माझी नाही, दिग्दर्शनही नाही, पण त्यातल्या हिरोला चालायला शिकवलं ते मी.

सिनेमा कार्टूनचा. आमच्या घरी तरी त्याला तेच म्हणतात. एकच उडणारा महावीर आणि त्याच्या सहा छोट्या गोष्टी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या स्टुडिओनं काढलेली, त्यामुळे दर वेळी त्याचा चेहरा वेगळा, अंगकाठी वेगळी. तिसरी गोष्ट आमच्या नागपूरच्या स्टुडिओकडे आली होती. तिच्यात हा महावीर रात्रभर लोकांना वाचवून थकतो, आकाशातून खाली उतरतो आणि पहाटे पायी घरी जातो. बस, एवढंच. त्याची ती चाल मी काढली. दिग्दर्शकानं ती तीनदा परत पाठवली, ‘सरळ कर’ म्हणून. तिन्ही वेळा मी त्याचे केस नीट केले, सावली नीट केली आणि चाल होती तशीच ठेवली. चौथ्यांदा तो कंटाळला. माझ्या हट्टापुढे माणसं शेवटी कंटाळतातच.

मित्रमैत्रिणी सांगत होत्या, लोकांची मतं वाचू नकोस. मी सगळी वाचली. पहिली गोष्ट जबरदस्त, पाचवीनं रडवलं, सहावी दोनदा पाहिली, तिसरीत काही घडतच नाही. एकानं विचारलं होतं, ‘असं कोण चालतं?’ मला ठाऊक होतं कोण चालतं. पण उत्तर दिलं नाही. पाहणाऱ्यानं बोलायचं आणि करणाऱ्यानं ऐकून घ्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

याच सुमारास हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओतून मला बोलावणं आलं. आणि नेमकं तेव्हाच मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, वर्ध्याच्या एका शाळेत माझ्यासाठी चित्रकलेच्या बाईची जागा पाहून ठेवली. पक्की नोकरी, घरापासून जवळ. बाबा ना हो म्हणाले, ना नाही. फोनवर एवढंच बोलले, “तू करतं काय, ते तं पाहू दे एक डाव. मंग सांगतो.”

जायचं माझं ठरलंच होतं. ते कुणाच्या बापालाही बदलता आलं नसतं, माझ्या तर नाहीच. पण मला बाबांचा होकार घेऊन जायचं होतं. रुसलेल्या घरातून बॅग उचलून निघायचं आणि मग तिकडे रोज फोनवर जेवलीस का, जेवले का एवढंच बोलायचं, हे मला नको होतं.

म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी गावी, हिंगणीला गेले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडी बैल सजवून आणतात आणि मोठी माणसं त्यातले चांगले निवडतात. निवडणाऱ्यांत बाबा दरवर्षी असतात. बाकीचे फुगे, झालर, शिंगांचा रंग पाहतात. बाबा दोरी हातात घेतात, बैल ओढून पाहतात आणि चाकांकडे बघत राहतात. ही बैलबाजारातली सवय. विकणारा वशिंडाचं कौतुक करो की शिंगांचं, बाबा उभ्या बैलाचा सौदा कधी करत नाहीत. “चालवून दाखव,” एवढंच म्हणतात. त्यांच्या या सवयीवरच मी भिस्त ठेवून होते.

दुपारी समोरच्या खोलीत टीव्हीला फोन जोडला. आई, मोठे बाबा आणि शेजारच्या काकू खाली सतरंजीवर बसले. बाबा दाराजवळच्या खुर्चीत. अर्धं लक्ष बाहेर, कारण तासाभरात त्यांना बैल निवडायला जायचं होतं.

पहिली गोष्ट संपून दुसरी लागली आणि मोठ्या बाबांनी विचारलं, “हा कोन आता? पयल्याचा भाऊ काय?”

“नाही मोठे बाबा, तोच आहे.”

“तोच कसा? थो चांगला गडी होता. हा तं काडीपैलवान हाये. एकाच मानसाचं थोबाड बदलते काय?”

मी समजावून पाहिलं. उपयोग शून्य. काकूंनाही ते भाऊच आहेत हे पटलं. मग सहाही जण भाऊ ठरले आणि घरगुती न्यायानं त्यांची वाटणी सुरू झाली. थोरल्यावर सगळा भार, दुसरा आळशी. आईनं विचारलं, “एवढे पोट्टे, अन् माय कुठं दिसून नाई राह्यली यांची?” शहरातल्या एकाही प्रेक्षकाला हा प्रश्न पडला नव्हता.

मग तिसरी गोष्ट लागली. महावीर खाली उतरला आणि चालू लागला. खोलीतली बडबड हळूहळू थांबली. काकू म्हणाल्या, “याले मी पाह्यलं हाये कुठंतरी.” आईनं पदर तोंडाला लावला. मोठ्या बाबांनी टीव्हीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.

बाबांना कुणाचंच भान नव्हतं. ते खुर्चीतून पुढे झुकले होते. “मांगं घे,” ते म्हणाले. मी मागे घेतलं. “अखीन एक डाव.”

मग ते सतरंजीवरच्या सगळ्यांना सांगू लागले, “हा पऱ्हाटीतला, कपाशीच्या वावरातला मानूस हाये. पाह्य, पाय तिरपा टाकते. वावर दाटलं का सरळ पाय टाकताच येत नाई, फांद्या मोडते. कोपरं अंगापासून दूर, कळ्या-पात्या गळू नाई म्हनून. अन् खांदे पुढं, कारन पाठीवर भरला पंप हाये. फवारनीवाला हाये हा.” एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. “पन एक चूक हाये. डावा हात ढिला सोडला तुनं. डाव्या हातानं पंपाचा दांडा वरखाली करा लागते.”

“पण बाबा, त्याच्या पाठीवर पंप नाही ना.”

बाबांनी पुन्हा पाहिलं. पाठ मोकळीच होती. “मंग असा वाकून काऊन चालते?”

सगळी मतं ऐकायची, उत्तर कुणालाच द्यायचं नाही, हे माझं ठरलेलं. पण हा प्रश्न बाबांचा होता.

“पंप उतरवला तरी चाल तशीच राहते,” मी म्हटलं. “तुमची राहिली ना.”

“माह्यी?”

“तुमचीच तं हाये,” आई म्हणाली. “लग्न झालं तवापासून असेच चालता. मले आधी वाटे, कंबर धरली.”

काकू खळखळून हसल्या, मोठे बाबाही हसले. बाबा हसले नाहीत. पुढच्या तीन भावांच्या गोष्टी त्यांनी खुर्चीत मागे टेकून पाहिल्या. या माणसाला मी सगळ्यांसमोर चव्हाट्यावर आणलं की काय, असं वाटत राहिलं.

सिनेमा संपला. बाबा उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि उंबऱ्याशी अडखळले. आम्ही सगळे त्यांच्या पायांकडेच पाहत होतो, त्यामुळे त्यांना पाऊल टाकवेना. “तिकडं पाहा ना बे सारे,” ते खेकसले. आम्ही भिंतीकडे तोंड केलं.

पाठमोऱ्यानंच ते म्हणाले, “दादा, त्या शाळेवाल्याले नाई म्हनून सांगून द्या. पोट्टी हैदराबादले जाईन.”

मग जरा हळू आवाजात, “पायाची पारख हाये तिले.”

ते अंगणात उतरल्यावर मी दाराशी आले. कोपऱ्यावर पोरं लाकडी बैल घेऊन गोळा होत होती. बाबा सिमेंटच्या मोकळ्या रस्त्यावरून चालले होते, तिरपे पाय टाकत, जणू दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आहे. इतकी वर्षं मी ती चाल पाहत आले होते, महिनोन्‌महिने ती काढली होती, आणि आत्ता कुठे मला त्यांचा डावा हात दिसला. दर पावलाला तो थोडा वर जात होता, थोडा खाली येत होता. पाठीवर फक्त दुपट्टा होता.

मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत. हैदराबादला गेल्यावर पहिल्यांदा तो हात काढायचा आहे. कितीही वेळा परत आला तरी मी तो तसाच ठेवणार.