मनीषाचा शनिवार

हे मनीषाला ठाऊक नाही, म्हणजे कोणालाच ठाऊक नाही. मी आणखी सांगणार तरी कोणाला? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय — तेही अडखळत.

मनीषा माझी बायको. आम्ही इंद्रलोक भागात राहतो. आमचा ओंकार आता एकोणीस वर्षांचा आहे. तो बोलत नाही. जेवण, आंघोळ, शी-शू — सगळं त्याच्या आईनं करायचं. भाजी, किराणा, औषधं मात्र केबिन रोडच्या बाजारातून मीच आणतो. सोसायटीतले म्हणतात, बायकोला किती हातभार लावता. मी मान डोलावतो.

ओंकार अकरा वर्षांचा असताना त्याच रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये अशा मुलांच्या आयांचा गट सुरू झाला. शनिवारी दुपारी दोन तास जमायचं. एक समुपदेशक ताई असायच्या. मनीषा जायला लागली. परत आली की चक्क बसून जेवायची — एरवी तिचं जेवण ओट्यापाशी, उभ्यानंच. एकदा म्हणाली, "तिथे रडलं तरी कोणी लगेच पाण्याचा ग्लास पुढे करत नाही हो. रडू देतात." मी हं म्हणालो. मला पुढच्या शनिवारची धास्ती लागलेली असायची.

कारण त्या वेळेत ओंकार माझ्याकडे असायचा. आई गेली की दाराशी बसून स्वतःचा हात चावायचा. ते मी सोसलं असतं. पण — त्याला धुवावं लागायचं. आणि मला किळस यायची. पोटच्या पोराची. एका शनिवारी मी त्याला तसाच बसवून ठेवला, मनीषा येईपर्यंत. ती आली, तिनं त्याला धुतलं. मी सांगितलं, शी आत्ताच झालीय.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. मनीषाचा फोन ओंकार आपटायचा, म्हणून गटाचे निरोप माझ्याच फोनवर यायचे. वेळ बदलली होती, एवढंच सांगायचं होतं त्यांना. मी म्हणालो, ती आता बरी आहे, यापुढे येणार नाही. कधीही येऊ दे त्यांना, असं ताई म्हणाल्या. मी नंबर ब्लॉक केला. मग स्वयंपाकघरात जाऊन मनीषाला सांगितलं — गट बंद झाला, हॉल मिळत नाही म्हणे.

ती पोळ्या लाटत होती. बरं, म्हणाली. काही दिवसांनी म्हणाली, मीच फार रडायचे, कंटाळले असतील माझ्यामुळे. तसं नाही, एवढं तरी मी म्हणालो का? नाही. हळूहळू तिचं बोलणंच कमी झालं. आता झोपेची गोळी घेते आणि ओंकारशेजारी आडवी होते. मी बघतो. काय वाटतं, असं विचारलंत तर सांगता येणार नाही. बरेच दिवस काही वाटलेलंच नाही.

गट चालूच आहे. शनिवारी त्या हॉलच्या जिन्यापाशी बायकांच्या चपला दिसतात. मनीषाला त्या दिसू नयेत म्हणून बाजारहाट माझ्याकडे आहे. हातभार म्हणतात तो हाच.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या जिग्नाबेन आल्या. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीचंही डॉक्टरांनी नुकतं ओंकारसारखंच निदान केलंय. मुलगी मांडीवर झोपली होती आणि त्या रडत होत्या. मनीषा नुसती शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "पहले एक ग्रुप था. बहुत अच्छा था. बंद हो गया." आणि माझ्याकडे वळली.

"अहो, त्या ताईंचा नंबर असेल का तुमच्याकडे? ह्यांना तरी उपयोग होईल."

फोन माझ्या हातात होता. नंबर त्यात होता, अजूनही आहे.

"नाही," मी म्हणालो. "जुन्या फोनबरोबर गेला."

जिग्नाबेननी डोळे पुसले, मुलीला खांद्यावर घेतलं आणि त्या खाली गेल्या.