अंगठ्याचं नख

कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली चंद्रिका नऊ वर्षांची असल्यापासून विड्या वळत होती. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की, तंबाखूची भुकटी छातीत बसली आहे, हे काम सोडा. म्हणून तिने सोलापुरात रुग्णसेविकेच्या वर्गाला नाव घातलं. तीन महिने शिकायचं, त्यातला शेवटचा महिना एखाद्या घरी राबायचं, मग प्रमाणपत्र.

शिकवणाऱ्या मारियाबाई निवृत्त परिचारिका. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना नखं मुळापर्यंत कापायला लावली. चंद्रिकाने नऊ कापली. उजव्या अंगठ्याचं ठेवलं. विडीचं तोंड त्याच नखाने आत दुमडायचं असतं. वर्गात ती अंगठा मुठीत धरायची, काम करताना हातमोज्यात.

बाकी तिचा हात चांगला होता. फक्त घाई फार. "हजार विड्या वळायच्या नाहीत, माणूस एकच आहे," मारियाबाई म्हणायच्या आणि वर्ग हसायचा.

शेवटच्या महिन्यात चंद्रिका मल्लप्पांच्या घरी राबत होती; शेवटच्या आठवड्यात मारियाबाई तिथे तपासणीला आल्या. मल्लप्पा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. चंद्रिकाला अक्का म्हणायचे. तिने त्यांना कुशीवर घेतलं आणि ते कण्हले. हातमोजा अंगठ्याशी फाटला होता. खांद्याची पातळ कातडी बोटभर सोलून निघाली होती.

जखम धुऊन पट्टी बांधल्यावर मारियाबाईंनी तिला हातमोजा काढायला लावला.

"हे कशाला ठेवलंस?"

"विडीचं नख हाय, बाई. हितं काम न्हाय लागलं तर?"

"लागणार नाही असं तूच ठरवून आलीस की."

लई दुखत न्हाय, राहू द्या, असं मल्लप्पा म्हणाले. मारियाबाईंनी वहीत लिहायचं ते लिहिलं.

घरी जाऊन चंद्रिकाने नख कापलं आणि सकाळी अंगठा दाखवायला वर्गावर गेली. मारियाबाईंनी तो नीट पाहिला. प्रमाणपत्रांची यादी तुझ्या नावाशिवाय गेली, म्हणाल्या, आणि पुढचा वर्ग निघणार नाही.

आठवड्याने ती विड्या घेऊन कारखान्यात गेली. तपासणाऱ्या हारूनभाईंनी निम्म्या बाजूला लोटल्या. तोंडं उघडी कशी, त्यांनी विचारलं. तिने अंगठा दाखवला नाही.

घरी तिने तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं. भुकटी उडाली तशी खोकली. मग अंगठ्याच्या मऊ टोकाने एकेक तोंड दाबत बसली. बोट उचललं की ते उघडत होतं.