उद्या व्रत संपतंय

आज उद्यापनाचं सामान आलं: रवा, तूप, नारळ, फुलं. पाचशे ऐंशी रुपये झाले. ताईंनो, खर्चाचं काही नाही, व्रत संपतंय याचीच भीती वाटते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी राहात्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला लैंगिक संसर्ग झाल्याचं सांगितलं. गोळ्या दोघांनी घ्यायच्या, नाहीतर पुन्हा होईल. तोवर जवळ यायचं नाही, आलंच तर निरोध वापरायचा. मी माझ्या गोळ्या संपवल्या. ह्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "मला काय झालंय? आन् घरच्या बाईला निरोध कशाला?"

मग मी बाबांचं नऊ गुरुवारांचं व्रत धरलं. व्रतात वेगळं निजायचं असतं, असं सांगितलं. देवाच्या नावापुढं ह्यांनी अंथरूण वेगळं घातलं.

आज सासूबाई म्हणाल्या, "उद्या सुटलीस बाई! आता नातवाचं बघा."

हे हसले. "व्हय, देवाचं लई झालं."

मी देव्हाऱ्यातल्या बाबांपुढं बसले, पण मागणं सुचेना. ह्यांना सुबुद्धी दे म्हणून इतके गुरुवार मागितलंच होतं.

तुमच्यापैकी कुणी नवऱ्याला अशा गोळ्या घ्यायला लावल्यात का? काय बोललात, ते शब्द मला लिहून पाठवा. उद्या दिवेलागणीच्या आत पाठवा.