गुडघ्यांवरचे डाग

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कळमनुरी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात मी तेव्हा अधीक्षिका होते. एका आजीला ताप भरला म्हणून तपासायला लुगडं वर सरकवलं, तर दोन्ही गुडघ्यांभोवती वाटाण्याएवढे काळे, भाजलेले फोड. संध्याकाळपर्यंत आणखी चौघींच्या पायांवर तेच सापडलं. एक म्हणाली पडले, दुसरी म्हणाली चहा सांडला. चहा काय असा ठिपक्याठिपक्यांनी सांडतो?

त्यांना आंघोळ घालणारी बाई एकच. वसमतकडची विधवा, तोंडानं फटकळ. संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवरच निकाल दिला, "उद्या दुपारी येतो. तिला पोलिसांत देऊ."

बाईनं माझे पाय धरले. "लेकराची आन, म्या न्हाई केलं."

"मग फोड दिसले तेव्हा बोलली का नाहीस?"

"आज्यांनी शपथ घातली व्हती," म्हणाली आणि रडत बसली. पुढं काही केल्या सांगेना. मी तिच्यावर नको तेवढी ओरडले.

सकाळी दोरीवर लुगडी वाळत होती. गुडघ्याच्या उंचीवर काळे ठिपके, धुऊनही न गेलेले. असा डाग एकाच गोष्टीचा पडतो, धोबी कपड्यांवर खूण करायला वापरतात त्या बिब्ब्याचा. आश्रमात बिब्बे बाळगणारी एकच, जन्म मेंढरांमागं गेलेली धनगर आजी. मी तडक तिच्याकडं गेले. तिनं नाकारलं नाही.

"मेंढरू लंगडलं की आमी बिब्बा तापवून असाच चटका देतो. ह्यान्च्या गुडघेदुखीला बी उतार पडंल वाटलं."

"अहो, फोड पिकलेत! डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"डाक्टर लिवून ठिवतो. चालता येत न्हाई असं लिवलं की तुमी घरी धाडता. कोन्तं घर, सांगा की."

नियम तसाच होता. आश्रमात येणाऱ्या प्रत्येकीला मीच तो वाचून दाखवायचे.

"पण आता त्या बाईला आत टाकतील," मी म्हणाले. "साहेब कवा येनार?" आजीनं विचारलं.

दुपारी अध्यक्षांची जीप आली. मी तोंड उघडण्याआधीच आजी ऑफिसात शिरली. "साहेब, बिब्बा म्या लावला. त्यान्ला काई दुखत नव्हतं. माझ्याच हाताला खोड हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. "हे खरं आहे?"

"हो," मी म्हणाले.

"मग आजच्या आज हिला घालवा."

मी हात जोडले, त्यांनी ऐकलं नाही. त्या माणसाचा मला अजून संताप येतो. आजीनं गाठोडं बांधलं. सेनगावकडं पुतण्या असतो, म्हणाली. इतक्या वर्षांत तो एकदाही फिरकला नव्हता.

पाचही जणी तिला पोचवायला फाटकापर्यंत चालत आल्या, तापातली आजीसुद्धा. अध्यक्ष व्हरांड्यातून बघत होते. एकीनंही काठी घेतली नव्हती.