सोमवारची गोळी

गुड्रूनची बोटं तरुणपणी इतकी चपळ होती, की हेरिंगचा मासा तिच्या हातात आला आणि त्याचा काटा वेगळा झाला, या दोन्हींच्या मधलं कुणाला दिसत नसे. उत्तर समुद्राकाठच्या थ्युबोरनच्या बंदरावर मासे कापायच्या कारखान्यात ती सोळाव्या वर्षी लागली. आतल्या माळरानावरच्या एका शेतमजुराची पोर, समुद्र नीट पाहिलेलाही नव्हता. बर्फाळ पाण्यात हात, पायात रबरी बूट, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकांची न संपणारी थट्टा. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मुकादमानं एकदा तिला हळू आहेस म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही हात पाण्यात घाला, मी खिशात घालते, मग बघू कोण हळू आहे ते." साऱ्या बायका हसल्या आणि मुकादम पुन्हा तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.

त्याच बंदरावर वेर्नर होता. मासेमारीच्या बोटीवर इंजिनवाला. हा माणूस बोलायचा कमी आणि ऐकायचा इंजिनाचं. लग्नानंतरही तो आठवडेच्या आठवडे समुद्रावर असायचा. घर, मुलगी मेरेटे, गळकं छप्पर, शाळेतल्या भानगडी, सगळं गुड्रूननं एकटीनं निभावलं. तो परत आला की दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालायचा आणि चौथ्या दिवशी निघायचा. ती मैत्रिणींना सांगायची, "माझा नवरा फार चांगला आहे, कारण तो घरी नसतो."

मग तो निवृत्त झाला आणि घरी आला तो कायमचा. त्याच सुमारास गुड्रूनच्या हातांनी दगा दिला. थंड पाण्यानं की रक्तातच होतं म्हणून, डॉक्टरांनी संधिवात सांगितला. बोटं सुजली, मग वाकडी व्हायला लागली. गोळ्यांची पाकिटं तिला फोडता येईनात. पातळ पत्र्यावर अंगठा दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. वेर्नर समोर बसून बघत होता. एके दिवशी त्यानं तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं, ते फोडलं आणि म्हणाला, "हे आता माझ्याकडे."

त्या दिवसापासून ते त्याचंच खातं झालं. सात खणांची प्लास्टिकची डबी, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो ती भरायचा. चष्मा नाकावर, बाही वर केलेली, जणू इंजिनाची टोपी उघडून बसलाय. त्या वेळी घरात रेडिओ लावायची सोय नव्हती. सकाळी राय धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे करून द्यायचे, त्यावर लिव्हरची पेस्ट फासायची, मग डबी उघडून गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत उभं राहायचं. ती वैतागायची. "गिळल्या रे बाबा. जीभ दाखवू का?" तो म्हणायचा, "दाखव." बायकोवर माया आहे असं या माणसानं तोंडानं आयुष्यात कधी म्हटलं नाही. ही रोजची उठाठेव तेवढी एकदाही चुकवली नाही.

या गोळ्यांत एक संधिवाताची मुख्य गोळी होती. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, सोमवारी. रोज घेतली तर विषच. बाकीच्या दिवशी तिचा त्रास कमी करणारी दुसरी, साध्या जीवनसत्त्वाची गोळी. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. वेर्नर ते पक्कं ओळखून होता.

पण वेर्नरच्या डोक्यातून एकेक गोष्ट हळूहळू सुटत चालली होती. आधी नावं गेली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग तो एकदा बेकरीतून रिकाम्या हातानं परत आला आणि आपण कशाला गेलो होतो ते सांगता येईना म्हणून बेकरीवाल्यालाच शिव्या देत बसला. मग डबीतला एखादा खण रिकामा दिसायला लागला, एखाद्यात रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या. गुड्रून बघायची आणि काही बोलायची नाही. जास्तीची गोळी मुठीत लपवायची, कमी असेल ती त्याच्या नकळत दातांनी पाकीट फोडून घ्यायची. उभा जन्म जिच्या तोंडाला कुणी लागलं नाही, ती बाई आपल्याच स्वयंपाकघरात मूग गिळून बसली. तिला ठाऊक होतं, हे एकदा बोललं की डॉक्टर येणार, तपासण्या होणार, मेरेटे ओडेन्सेहून धावत येणार, आणि शेवटी वेर्नरला कुठल्यातरी खोलीत नेऊन ठेवणार. म्हणून तिनं सगळं पोटात ठेवलं.

दोन पिवळ्यांमधला फरक मात्र तिच्या डोळ्यांनाही कळला नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी तिचं तोंड आलं. आधी जिभेच्या कडेला, मग गालांच्या आतून, मग घशापर्यंत. कॉफीचा घोट निखाऱ्यासारखा लागायचा. दंडावर कुठेही काळेनिळे डाग उठायला लागले. काहीतरी चुकतंय हे तिला तेव्हाच कळलं. काय चुकलं असेल याचाही अंदाज आला. एक दिवस तिनं फोनपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. पुढच्या रविवारी वेर्नर डबी भरताना जरा लक्ष ठेवू, असं तिनं ठरवलं. तो रविवार उजाडायच्या आधीच ती न्हाणीघरात कोसळली.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. भेटायला येणाऱ्यांना तोंडाला फडकं आणि अंगात झगा. रक्त बनवणारी यंत्रणाच बंद पडली होती. मेरेटेनं घरून डबी आणली आणि डॉक्टरांनी एकेक खण उघडून पाहिला. सगळीकडे सोमवारच. गुड्रून मरणाच्या दारात जाऊन आली असं लोक म्हणतात, पण तिला आठवतं ते एवढंच, की घशातून पाणी उतरत नव्हतं आणि काचेपलीकडे वेर्नर टोपी हातात धरून उभा होता, कुणाची वाट बघतोय तसा.

ती वाचली. घरी आली तेव्हा डोक्यावर केस विरळ झाले होते आणि अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते. ती गोळी कायमची बंद झाली. त्या गोळीनं धरून ठेवलेला संधिवात आता मोकाट सुटला.

नगरपालिकेची नर्स, डॉर्टे, दर आठवड्याला येऊन गोळ्या भरणार आणि डबी कुलूपबंद पेटीत राहणार, असं ठरलं. हे वेर्नरला सांगायचं कुणी, एवढंच राहिलं. मेरेटे म्हणाली, "आई, नवा नियम आलाय म्हणून सांग. नगरपालिकेनं सगळ्या म्हाताऱ्यांसाठी केलाय. बाबांना खरं सांगून काय मिळणार आहे?"

"मी त्याच्याशी आजवर खोटं बोलले नाही."

"दोन वर्षं मुठीत गोळ्या लपवत होतीस म्हणालीस ना, ते काय होतं मग?"

 पण सांगीन तर मीच, आणि सांगीन तर खरंच, हे गुड्रूननं सोडलं नाही. मेरेटेला तिनं बंदरावर फेरी मारायला पाठवलं.

सकाळची वेळ होती. पश्चिमेचा वारा खिडकीवर आपटत होता. वेर्नर तिच्यासाठी पाव कापत होता. ती म्हणाली, "वेर्नर, गोळ्यांचं बोलायचंय."

"भरल्यात मी."

"आता डॉर्टे भरणार. दर आठवड्याला येऊन."

"कोण डॉर्टे?"

"नर्स. नगरपालिकेची."

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "एक चूक झाली. सोमवारची गोळी रोज पडत होती. त्यानं मी आजारी पडले."

त्यानं सुरी खाली ठेवली. "कुणाच्या हातून?"

"तुझ्या."

त्यानं कापलेले तुकडे एकावर एक रचले. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता. "तू पाव कॉफीत भिजवून खात होतीस. मला दिसत होतं. मला वाटलं कवळी टोचतेय." आणि मग, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला घेऊन गेले असते."

"म्हणून माझ्या हातून मरायला बसलीस?"

असं कुणी तिला विचारेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, मेरेटेनं विचारलं नाही. ती म्हणाली, "मरायला नाही. ढकलत होते दिवस."

तो उठून मागच्या शेडमध्ये गेला. ती काही वेळानं त्याच्या मागे गेली. तो आपल्या हत्यारांच्या टेबलापाशी उभा होता, दोन्ही हात लाकडावर टेकलेले, खांदे हलत होते. बोटी बुडाल्या, दोस्त बुडाले, तेव्हाही तिनं याला रडताना पाहिलं नव्हतं. आपली वाकडी बोटं तिनं त्याच्या पाठीवर ठेवली. तो वळला नाही. म्हणाला, "चुकलं की मला सांगत जा. मी चिडलो तरी सांग. असं गिळत जाऊ नकोस." तिनं कबूल केलं.

त्या दिवशी दोघं जवळ जवळ बसून जेवले. जे बोलायला हवं होतं ते बोलून झालं, असं तिला वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखी ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्नर कपाटं उघडत होता. "डबी कुठेय तुझी? गोळ्यांची वेळ झाली."

त्याच्या तोंडावर कालचं काही नव्हतं.  पण कबूल केलं होतं म्हणून गुड्रूननं त्याला बसवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. तोच प्रश्न आला, "कुणाच्या हातून?" आणि तिनं उत्तर दिल्यावर तोच चेहरा पुन्हा तसाच कोसळला, जणू पहिल्यांदाच. फक्त या वेळी तो शेडमध्ये गेला नाही. तिथेच बसून आपल्या हातांकडे बघत राहिला आणि दुपारपर्यंत जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा कपाट उघडलं. दारात मेरेटे उभी होती. ती आईकडे बघत होती.

"नगरपालिकेचा नवा नियम आलाय," गुड्रून म्हणाली. "साठीच्या पुढच्या सगळ्यांना. गोळ्या आता नर्सच भरणार."

"नियम!" वेर्नर भडकला. खुर्चीवर बसून नियम काढणाऱ्यांना एकदा हिवाळ्यात उत्तर समुद्रावर पाठवा, म्हणजे नियम कशाला म्हणतात ते कळेल, असं त्यानं पुष्कळ ऐकवलं. रागानं त्याचा चेहरा लाल झाला, आवाज चढला, आणि रागातच त्यानं पावाचे दोन तुकडे खाल्ले. गुड्रून ऐकत राहिली. आपण दिलेला शब्द मोडला हे तिला माहीत होतं. असा शब्द दिला होता हेही आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मेरेटेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला.

मेरेटे परत गेली. पुढचे काही आठवडे वाईट गेले. वेर्नरनं डॉर्टेला दारातूनच हाकललं, एकदा पेटीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, एकदा तिच्या सायकलची हवा सोडून दिली. डॉर्टेनं नुसता पंप मागितला. तो गुड्रूनशीही धड बोलेना. आपलं काहीतरी हिसकावून घेतलंय हे त्याला कळत होतं. काय आणि का, ते निसटून जात होतं. सकाळी ती गोळ्या घ्यायची तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. तिच्या हातातून पेला दोनदा पडून फुटला. त्यानं वळून पाहिलं नाही. खरं सांगावं असं तिच्या ओठांवर कितीदा यायचं. पण तो कोसळलेला चेहरा पुन्हा बघायची तिची छाती नव्हती.

मग तो रागही ओसरला. हिवाळा लागला तसा तो शांत झाला. तज्ज्ञ डॉक्टरांनी त्याला तपासून आजाराचं नाव सांगितलं आणि म्हाताऱ्यांच्या संस्थेतल्या जागेसाठी अर्ज करायला सुचवलं. गुड्रूननं नकारार्थी मान हलवली.

एकदा डॉर्टे गोळ्या भरत बसली असताना वेर्नर तिच्यासमोर येऊन बसला. अगदी पाहुण्याशी बोलावं तसा आदबीनं. तिचं काम थोडा वेळ बघून तो म्हणाला, "तुम्ही उगीच तसदी घेता. हिचं सगळं हीच बघते, पहिल्यापासून. मी बोटीवर असायचो ना. गोळ्याबिळ्यांतलं मला काही कळत नाही."

डॉर्टेचा हात थांबला. तिनं गुड्रूनकडे पाहिलं.

"हो," गुड्रून म्हणाली. "त्याला काही कळत नाही त्यातलं."

वेर्नरनं समाधानानं मान डोलावली आणि आज जेवायला काय आहे ते विचारलं. मासा आहे, ती म्हणाली. मग भिंतीला धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली, आणि डॉर्टे निघेपर्यंत तिथेच थांबली.