जांभळे पुडे

फळीमास्तर दुकानात शिरले की आधी दुकानदाराला नाही, फळीला नमस्कार करायचे. मग खिशातून चष्मा काढून मालाची मांडणी बघायचे. चहाच्या एका कंपनीत चौतीस वर्षं विक्री केलेला हा माणूस. बडोद्यात स्टेशनपासून छाणीपर्यंतची दुकानं त्यांच्याकडे होती. नोकरीला लागल्यावर मला सहा महिने त्यांच्या हाताखाली काढायचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "डोळ्यांसमोर असतो तो माल, पोरी. बाकी सगळी अडगळ."

आमचे पुडे केशरी, समोरच्या कंपनीचे जांभळे. जांभळ्यांची विक्री कनुभाई बघायचे. मास्तर सकाळी केशरी पुढे ओढून जात, कनुभाई दुपारी जांभळे पुढे आणत. वीस वर्षं हेच. वाटेत भेटले तर दोघे स्कूटर थांबवून एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करत, पण चहाला मात्र कधी बसले नाहीत. बसणार तरी कुणाच्या चहाला?

मग कनुभाई आजारी पडले. मास्तर दवाखान्यात गेले तेव्हा मी सोबत होते. कनुभाईंचा आवाज पार खोल गेला होता. ते म्हणाले, "मास्तर, मी येईपर्यंत माझ्या फळ्या सांभाळशो ने?" मास्तर हसले आणि त्यांनी विषय बदलला. कनुभाई चार दिवसांनी गेले.

त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जांभळ्या कंपनीची सगळी माणसं गेली होती. मास्तर गेले नाहीत. त्या दुपारी त्यांनी छाणीतल्या एकूण एक दुकानात जांभळे पुडे भिंतीपर्यंत मागे सारले. मला वाटलं, धंदा असाच असतो.

दुसऱ्या दिवशी जांभळे पुढे होते. सगळ्या दुकानांत. जांभळ्या कंपनीचा नवा माणूस अजून नेमला गेला नव्हता. मास्तरांनी पुन्हा केशरी पुढे घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन आठवडे हे चाललं. सयाजीगंजच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली, की मास्तर दुसऱ्या कंपनीला फितूर झाले. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की त्यांच्यासोबत जा, प्रत्येक फळीचा फोटो काढ आणि खरं काय ते लिहून दे.

छाणीच्या शेवटच्या दुकानात भर अकरा वाजता मास्तरांनी माझ्यासमोर फळी लावली. मी फोटो काढला. मग आम्ही दोघं आणि दुकानदार ऑर्डर लिहायला गल्ल्याशी आलो. दुकानात चौथं कुणी नव्हतं. दोन मिनिटांनी मी वळून पाहिलं, तर जांभळे पुडे पुढे होते, एका ओळीत, सरळ. मी फोनमधला फोटो पुन्हा उघडला. त्यात केशरीच होते.

दुकानदार हळूच म्हणाला, "बेन, कोईए हाथ नथी लगाड्यो." खरंच कुणी हात लावला नव्हता.

मास्तर घाबरले नाहीत. ते फळीजवळ गेले. जांभळ्या ओळीकडे बघत म्हणाले, "त्यानं मागितलं होतं. मी हो म्हटलं नाही."

मी अहवालात लिहिलं की मास्तर निर्दोष आहेत, दुकानदार मांडणी बदलतात. पण मास्तरांनी तोवर राजीनामा दिला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी दुकानं फिरून जांभळे पुडे स्वतःच्या हातांनी पुढे लावले. मी मदत करू लागले तर म्हणाले, "हे माझं आहे, तू बस."

दुसऱ्या दिवसापासून तो भाग माझ्याकडे आला. सकाळी छाणीच्या त्या दुकानाचं शटर माझ्यासमोर वर गेलं. आत फळीवर दोन ओळी शेजारी शेजारी होत्या, अर्धी जागा केशरी, अर्धी जांभळी. कुणीच मागे नव्हतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि 'मी नाही' अशी मान हलवली.

मी तिथूनच मास्तरांना फोन लावला. फळी अर्धी अर्धी लागली आहे, असं सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "म्हणजे कनू आता गेला."

त्यानंतर तिथले पुडे आपणहून कधी हलले नाहीत. आता जांभळ्यांकडे नवी मुलगी आहे. माझे केशरी पुडे ती रोज मागे ढकलते आणि मी ते पुढे आणते, पण फक्त अर्ध्या फळीपर्यंत. त्या दुकानात माझा माल कमी का दिसतो, असं साहेब दर महिन्याला विचारतात. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.