पंपाची चावी

रविवारी सकाळी आमच्या बोईसरच्या इमारतीची गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, तेव्हा मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. पाणी खिडकीसमोरून खालच्या पत्र्यावर आपटत होतं. पाय आपोआप दाराकडे वळले. मी स्वतःलाच दामटून परत ओट्याशी आणलं. पंपाची चावी आता माझ्याकडे नव्हती. आदल्याच दिवशी ती मी पहिल्या मजल्यावरच्या काकांना देऊन टाकली होती.

"ताई, तुम्ही लवकर उठताच ना," एवढ्या एका वाक्यावर काही वर्षांपूर्वी ती माझ्या गळ्यात पडली होती. तसंच मुलाच्या शाळेतलं पालकांचं काम पडलं, महिला मंडळाचं हळदीकुंकू पडलं, तारापूरच्या कंपनीत प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाचा केक पडला. हिला नाही म्हणता येत नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि मी खुळ्यासारखी हसायचे. पुढे नुसतं बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागलं.

मग एकदा सातपाटीला आईकडे जेवत होते. पंपासाठी इमारतीतून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी उष्ट्या हाताने उठले. पुन्हा वाजला तेव्हा आईने तो उचलून तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं.

"जेव आदी. तिकडं बटन दाबायला कोनाला हात नाय काय?"

मला तिचा रागच आला. पण त्या दिवसापासून मी एकेक काम सोडत गेले. बाकीची सुटली, चावी मात्र शेवटपर्यंत राहिली. पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही.

आणि आता तेच ऐकत मी उभी होते. नवरा डोळे चोळत आला.

"मी जाऊ का?"

"नको."

"काका पंप लावून पुन्हा झोपले असतील."

"उठतील," मी इतक्या जोरात म्हणाले की तो गुमान चहाचं आधण ठेवायला लागला.

बेल वाजली. समोरच्या वहिनी होत्या. "अहो, टाकी वाहतेय."

"चावी काकांकडे आहे. त्यांना उठवा."

"पण तुम्ही..." त्या थांबल्या. त्या खाली गेल्या. दोन बोंबील मी उगाच पुन्हा धुतले.

शेवटी पाणी थांबलं. थोड्या वेळाने काकाच दारात आले, ओशाळलेले, हातात चावी.

"तुम्हीच ठेवा, ताई. तुम्हाला सवय आहे."

माझा हात पुढे गेलाही. तो बोंबलाच्या राड्याने माखलेला होता. काका शाकाहारी, ते पाऊलभर मागे सरकले.

"हात धुऊन या. मी थांबतो."

नळ माझ्या मागेच होता. धुवायला कितीसा वेळ लागतो?

"अजून अर्धे बोंबील व्हायचेत, काका," मी म्हणाले आणि ओट्याकडे वळले. दार उघडंच होतं. ते बराच वेळ उभे होते. मी मागे वळून पाहिलं नाही, माझे कान तापले होते. मग चपला जिन्यावरून उतरत गेल्या.

सोमवारी नेहमीच्या वेळेला जाग आली. अंथरुणातच कान लावून पडून राहिले. पंप सुरू झाला आणि टाकी भरताच बंदही झाला. पत्र्यावर थेंब पडला नाही. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तरी उठले नाही.